ऑनर सोसायटी जरूर काढा, पण पात्रतेचे नियम आधी लिहून काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या लॉ करणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक विषय जोरात चाललाय, की अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये असते तशी हुशार विद्यार्थ्यांची एक ऑनर सोसायटी आपल्याकडे पण असावी, तिच्यात निवड होणं हा मान असावा आणि तो सीव्हीवर लिहिता यावा. मी फोंड्याला वकिली करते, माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुलींकडून मला हे कळलं. कल्पना मला आवडली, अगदी मनापासून आवडली, कारण आपल्याकडे युनिव्हर्सिटीत पहिला आला त्याला गोल्ड मेडल आणि बाकीच्यांना काहीच नाही असं चालतं, पहिल्या आणि चौथ्या मुलात कधी कधी दहाबारा मार्कांचा फरक असतो पण चौथ्याचं नाव कोणाला कळत पण नाही. पण त्या ग्रुपवरचे मेसेज मी बसून वाचले तेव्हा दिसलं की नाव काय ठेवायचं, बिल्ला कसा असावा, फंक्शन कला अकादमीत करायचं की कॉलेजच्या हॉलमध्ये, या सगळ्यावर भरभरून लिहिलंय आणि पात्र कोण ठरणार यावर फक्त एकच वाक्य आहे, "टॉप टेन पर्सेंट". एवढ्यावर भागणार नाही, म्हणून हे पत्र.

ज्या सोसायटीचं उदाहरण ही मुलं देतायत ती ऑर्डर ऑफ द कॉइफ. १९०२ साली इलिनॉय युनिव्हर्सिटीत तिची सुरुवात झाली, नाव जुन्या इंग्लंडातल्या सार्जंट-अॅट-लॉ म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या वकिलांच्या पांढऱ्या टोपीवरून आलंय. अमेरिकेत मान्यता असलेली लॉ स्कूलं दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यातल्या ऐंशीच्या वर ठिकाणी हिचे चॅप्टर म्हणजे शाखा आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणी ती नाहीच, आधी कॉलेज पात्र ठरावं लागतं आणि मगच विद्यार्थी. विद्यार्थ्यासाठी पहिली अट सगळ्यांना पाठ आहे, त्या वर्षी पदवी घेणाऱ्या बॅचच्या वरच्या १० टक्क्यांत नाव हवं. दुसरी अट मात्र आपल्याकडच्या एकाही मेसेजमध्ये मला दिसली नाही, ती अशी की त्या विद्यार्थ्याच्या लॉच्या अभ्यासातला किमान ७५ टक्के भाग ग्रेड मिळणाऱ्या कोर्समधून झालेला पाहिजे. आणि ग्रेड म्हणजे काय ते पण नियमात सांगितलंय, ज्या कोर्समध्ये कामाचं माप किमान चार पायऱ्यांवर केलं जातं तोच ग्रेडेड कोर्स. नुसतं पास-नापास असेल तर तो ७५ टक्क्यांत धरायचा नाही, पास-नापास आणि वर एक डिस्टिंक्शन अशा तीन पायऱ्या असतील तरी नाही.

मला विचाराल तर त्या सोसायटीचा सगळा दबदबा या दुसऱ्या अटीवर उभा आहे. १० टक्के कोणालाही काढता येतात, कॅल्क्युलेटर पुरतो, पण १० टक्के कशाचे हे ठरवणं कठीण. तिथे क्लिनिक म्हणजे खऱ्या पक्षकारांना शिक्षकांच्या देखरेखीखाली कायद्याची मदत, बाहेरच्या ऑफिसातलं काम, कॉलेजच्या कायद्याच्या जर्नलचं काम, मूट कोर्ट म्हणजे सरावासाठी लुटुपुटूचा खटला यांना बऱ्याच कॉलेजांत नुसतं पास देतात, त्यामुळे एखाद्याने अशीच कामं भरपूर घेतली आणि मोजक्याच पेपरांत चांगल्या ग्रेड मिळवल्या तर त्याची सरासरी सगळ्या वर्गापेक्षा वर जाईल, पण ती सरासरी थोड्याशाच पेपरांची असेल. ते होऊ नये म्हणून ७५ टक्के. जे विद्यार्थी पहिलं वर्ष एका कॉलेजात करून दुसऱ्यात जातात त्यांनाही ही अट बरीच जाचते. तिथल्या जेडी म्हणजे लॉच्या पदवीला कमीत कमी ८३ क्रेडिट लागतात, त्याचे पाऊणपट म्हणजे साधारण ६२, आणि समजा जुन्या कॉलेजातली ३० क्रेडिट नवीन कॉलेजने ग्रेडशिवाय नुसती जमा करून घेतली तर उरतात ५३, म्हणजे ते पोर कितीही हुशार असो, बाहेर. यात अन्याय होतो असं म्हणता येईल, पण नियम आधीच छापलेला असतो, कॉलेज बदलायच्या आधी तो वाचता येतो आणि मग ज्याचा त्याने निर्णय घ्यायचा. २०२० मध्ये कोविडमुळे तिथल्या बऱ्याच नावाजलेल्या लॉ स्कूलांनी त्या सेमिस्टरला ग्रेड न देता सगळ्यांना पास-नापास केलं तेव्हा हाच प्रश्न अख्ख्या बॅचसमोर येऊन उभा राहिला, की ते सेमिस्टर ७५ टक्क्यांत कसं मोजायचं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे पास-नापास हा प्रकार जवळजवळ नाही, सगळ्यालाच मार्क असतात, त्यामुळे वरवर बघितलं तर ७५ टक्क्यांची अट इथे गैरलागू वाटेल. पण माझा मुद्दा नेमका इथेच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांचा कोर्स असो की पाच वर्षांचा, लॉचे सक्तीचे पेपर २०, क्लिनिकल म्हणजे प्रॅक्टिकलचे ४ आणि ऑप्शनल ६, असे ३० पेपर होतात, ऑनर्सचा कोर्स असेल तर वर आणखी ८. त्या चार प्रॅक्टिकलमधला एक मूट कोर्ट आणि इंटर्नशिपचा, त्यात मूटला ३० मार्क, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा आणि लिहायचा त्याला ३०, पक्षकाराची मुलाखत, खटल्याची पूर्वतयारी आणि डायरी याला ३०, आणि तोंडी परीक्षेला १०. कागदावर ही किती सुंदर योजना आहे! एखाद्या मुलीने फोंड्याच्या कोर्टात बसून एक पझेशनचा म्हणजे ताब्याचा दावा फ्रेमिंग ऑफ इश्यूपासून, म्हणजे वादाचे मुद्दे ठरवण्यापासून, आर्ग्युमेंटपर्यंत खरोखर बघितला तर पुस्तकातली दोनशे पानं वाचून कळणार नाही ते तिला कळतं. पण प्रत्यक्षात डायऱ्या एकमेकांच्या बघून उतरवलेल्या असतात, तोच खटला, तीच तारीख, साक्षीदाराचं तेच वाक्य, आणि मार्क बघाल तर सगळ्यांना ऐंशीच्या वर. सह्यांसाठी माझ्याकडे ज्या डायऱ्या येतात त्या वाचून मी हे म्हणतेय, आणि हे एका कॉलेजचं नाही, महाराष्ट्रातून इंटर्नशिपला येतात त्यांचं पण तेच.

जिथे साठच्या साठ मुलांना ८० ते ९० च्या मध्ये मार्क पडतात तिथे पायऱ्या किती आहेत? कागदावर शंभर आणि खऱ्यात एक. ऑर्डर ऑफ द कॉइफचा चार पायऱ्यांचा नियम आपण अक्षरशः घेतला तर आपले सगळे पेपर पास होतील, आणि त्याचा अर्थ समजून घेतला तर इंटर्नल मार्कांचा मोठा भाग बाद होईल. तिकडच्या कॉलेजांत बऱ्याच ठिकाणी ग्रेड देताना वर्गाची सरासरी किती राहिली पाहिजे हे ठरलेलं असतं, शिक्षकाला सगळ्यांना ए देता येत नाही, म्हणून तिथला १० टक्के हा आकडा काहीतरी सांगतो. आपल्याकडे तशी पद्धत नाही आणि ती आणा असं मी म्हणत पण नाही, साठ मुलं खरोखर चांगली लिहीत असतील तर त्यांना एकमेकांवर पाय देऊन वर चढायला लावणं मला पटत नाही. पण मग ऑनर सोसायटीचं मेरिट काढताना एक साधी गोष्ट करता येईल, ज्या पेपरात इंटर्नल मार्कांनी मुलामुलांत काही फरकच पडत नाही त्या पेपरचे फक्त लेखी परीक्षेचे मार्क धरायचे. आणि प्रॅक्टिकलचे मार्क धरायचेच असतील, मला तर ते धरावेत असंच वाटतं, तर ते देण्याची पद्धत सुधारायची. डायरी बाहेरच्या वकिलाने किंवा निवृत्त न्यायाधीशांनी वाचून पाच प्रश्न विचारायचे, उतरवलेली डायरी दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

दुसरी गोष्ट जी मला याहून महत्त्वाची वाटते. त्या सोसायटीच्या नियमात अट लॉच्या अभ्यासाला लावलेली आहे, कारण तिथे मुलं आधी चार वर्षांची दुसरी पदवी घेऊन येतात आणि मग तीन वर्षं फक्त लॉ. आपल्याकडे पाच वर्षांचा बीए एलएलबी कोर्स, बारावी झालं की सरळ आत. पहिल्या दोन वर्षांत पॉलिटिकल सायन्स, सोशॉलॉजी, इकॉनॉमिक्स, इतिहास, इंग्लिश असे पेपर भरपूर. आता सत्तरीतली, डिचोलीतली, पेडण्यातली किती मुलं सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेली असतात हे मी वेगळं सांगायला नको. पाचवीपासून इंग्लिश माध्यम सुरू झालं तरी घरात मराठी किंवा कोंकणी, पेपर वाचायचा तो मराठी, आणि लॉ कॉलेजात आल्यावर एकदम साठ पानांचं जजमेंट समोर. अशा मुलांचं पहिलं वर्ष भाषेशी झगडण्यात जातं, मार्क पन्नास-बावन्न, आणि तिसऱ्या वर्षापासून तीच मुलं अशी काही पुढे निघतात की बघत राहावं. वाळपईहून रोज कदंबाने पणजी आणि तिथून दुसरी बस धरून मिरामारला जाणारी एक मुलगी माझ्याकडे सुट्टीत बसायची, ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टीतला लीज आणि लायसन्समधला फरक तिने मला जितका स्वच्छ समजावून सांगितला तितका माझ्या बरोबरीचे काही वकील सांगू शकणार नाहीत. पाचही वर्षांची बेरीज केली तर ती वरच्या १० टक्क्यांत बसत नाही, का तर पहिल्या वर्षीचं इकॉनॉमिक्स आणि इंग्लिश. ज्या सोसायटीला कायद्याच्या अभ्यासाचा मान करायचाय तिने हिला इंग्लिशच्या पेपरवरून बाहेर ठेवावं का? म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की फक्त लॉचे ३० पेपर धरा. त्याचा आणखी एक फायदा असा की तीन वर्षांवाले आणि पाच वर्षांवाले एकाच मापाने मोजता येतील, दोघांचेही पेपर तेवढेच.

या तीन वर्षांवाल्यांबद्दल पण बोललं पाहिजे. त्यांच्यात नोकरी करणारे असतात, कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी मामलेदार ऑफिसात, काही जणी लहान मुलं सांभाळून शिकतात. ग्रुपवर एकाने सुचवलंय की ९० टक्के हजेरीची अट पण घाला म्हणजे सिरियस विद्यार्थीच येतील. मला हे अजिबात मान्य नाही. हजेरीचा नियम बार कौन्सिलने घालून दिलेलाच आहे, प्रत्येक विषयात ७० टक्के. कॉलेजने ज्याला परीक्षेला बसू दिलं त्याची हजेरी मान्य झाली, मग मान देताना तीच गोष्ट वर चढवून पुन्हा मागायची म्हणजे ज्याच्या घरात गाडी आहे आणि डोक्यावर जबाबदारी नाही त्याला जास्तीचा गुण दिल्यासारखं होतं. कॉइफच्या ज्या दोन अटी मी वर सांगितल्या त्यात हजेरी नाही. कोण किती वेळ बाकावर बसला यावर विद्वत्ता ठरत नाही.

आता आकड्यांचा प्रश्न, जो छोटा वाटतो पण भांडणं इथेच होणार. माझ्याकडच्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, टॉप टेन पर्सेंट म्हणजे आमच्या वर्गातले सहा, बरोबर ना?" साठची तुकडी म्हणून सहा, तिचा हिशोब सरळ होता. पण पहिल्या वर्षी साठ आले आणि शेवटच्या वर्षी वेळेवर सगळे पेपर सोडवून पदवी घेणारे अडतीसच असले तर? कॉइफच्या नियमात त्या वर्षी पदवी घेणारे मोजतात, वर्गात कधीकाळी नाव घातलेले नाही. अडतीसचे १० टक्के म्हणजे तीन पूर्णांक आठ. मग तीन घ्यायचे की चार? तीन घेतले तर चौथी मुलगी विचारणार की मला का नाही, चार घेतले तर ते १० टक्क्यांच्या वर गेले. माझ्या मते तीनच घ्यावेत, अपूर्णांक सोडून द्यावा, पण माझं मत काय हा प्रश्न नाही, ते आधी लिहिलेलं असावं, निकाल लागल्यावर आणि चौथ्या नंबरावर कोण आहे हे कळल्यावर ठरवायचं नाही. गोवा लहान आहे, चौथी मुलगी कोणाची तरी भाची असणारच, आणि मग निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी लोक बोलणार.

तसंच केटीचं, म्हणजे राहिलेल्या पेपरचं. एक पेपर राहिला, पुढच्या सेमला सोडवला आणि त्यात पंच्याहत्तर मिळाले, तर पहिले मार्क धरायचे की दुसरे? काही जण म्हणतात केटी असलेला सरळ बाद. मला ते फार कडक वाटतं, बाप हॉस्पिटलात असताना परीक्षा चुकलेल्या मुलाला पण तीच केटी लागते आणि न वाचता गेलेल्याला पण तीच. दुसऱ्या प्रयत्नाचा पेपर धरायचा पण पास होण्यापुरते मार्क धरायचे, असा मधला रस्ता निघू शकतो. रिव्हॅल्युएशनचं काय, त्याचा निकाल येईपर्यंत यादी थांबवायची का, थांबवायलाच हवी. कॉपी केसमध्ये सापडलेला मात्र बाद, त्यात चर्चा नको. दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून, बेळगावहून किंवा कोल्हापूरहून मधेच आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते ७५ टक्क्यांचं माप जसंच्या तसं घेता येईल, ३० मधले २३ पेपर इथे दिलेले असले तर पात्र.

लीगल एडबद्दल, म्हणजे गरजूंना मोफत कायद्याची मदत करण्याबद्दल, थोडं सविस्तर लिहिते कारण माझा जीव त्यात आहे. गोव्यातल्या लॉच्या मुलांनी गावागावांत लीगल एड सेल चालवायची परंपरा जुनी आहे, मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजचं हे काम तर गोव्याबाहेर पण माहीत आहे. गोव्यात या कामाला जेवढा कायदा लागतो तेवढा दुसरीकडे क्वचित लागत असेल. कोणाचं घर भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत आणि मुंडकार म्हणजे त्या जमिनीत घर करून राहणारा म्हणून नोंद नाही, मग १९७५ चा मुंडकार कायदा काढा, मामलेदाराकडे अर्ज लिहा, जुनी घरपट्टी, लाइटबिल, रेशनकार्ड गोळा करा. कोणाचा आजोबा वारला आणि वाटणी झालेली नाही, मग २०१२ चा वारसा, स्पेशल नोटरी आणि इन्व्हेंटरीचा कायदा वाचा, कोणाचा हिस्सा किती ते वंशावळ काढून बघा. कोणी बायकोची सही न घेता जमीन विकायला निघालाय आणि त्याला समजावून सांगायचंय की बाबा, आपल्याकडे लग्न झालं की, वेगळा करार नसेल तर, कम्युनियन ऑफ अॅसेट्स असतो, तिचा अर्धा वाटा आहे, तिच्या सहीशिवाय पुढे जाता येणार नाही. पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेलं वारशाचं आणि लग्नाचं हे सगळं देशातल्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, ते गावात बसूनच शिकावं लागतं. जी मुलगी शनिवारी शनिवारी हे काम करते तिच्या अभ्यासाचे तास कमी होतात, मार्क थोडे घसरतात, आणि घरी बसून नोट्स पाठ करणारा तिच्या पुढे जातो.

ग्रुपवर यावर उपाय सुचवलाय की सामाजिक कामाला पाच टक्के बोनस द्या. बोनस नको असं मला वाटतं. बोनस आला की सर्टिफिकेट आली, सर्टिफिकेट आली की ती मिळवायची सोय झाली, आणि महिन्याभरात प्रत्येकाकडे कुठल्या ना कुठल्या संस्थेचा कागद असेल. त्यापेक्षा कॉइफच्या नियमाकडे दुसऱ्या बाजूने बघा. तिथे क्लिनिकचं काम ७५ टक्क्यांत धरलं जात नाही ते काम हलकं आहे म्हणून नाही, त्याला पायऱ्या असलेली ग्रेड दिलेली नसते म्हणून. ज्या कॉलेजात क्लिनिकला नीट ग्रेड देतात तिथे ते धरलं जातं. मग आपणही लीगल एडच्या कामाला पेपरसारखं नीट मापा. मुलीने लिहिलेला मुंडकाराचा अर्ज वाचा, तिने वारसांचा हिस्सा बरोबर काढला का बघा, ज्या बाईला सल्ला दिला तिला तो कळला का विचारा, आणि मार्क द्या, चाळीस द्यायचे तर चाळीस आणि पंच्याऐंशी द्यायचे तर पंच्याऐंशी. ड्राफ्टिंगचा आणि पर्यायी तंटा निवारणाचा असे दोन प्रॅक्टिकल पेपर आहेतच, त्यांच्यात हे काम बसवता येतं, नवीन काही काढायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. मुलांना हल्ली ईमेल येतात, तुमची अमुक आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटीसाठी निवड झाली आहे, अभिनंदन, सभासद फी एवढे डॉलर, भरली की सर्टिफिकेट आणि पिन घरपोच. आमच्या शेजारच्या मुलाला असाच आला होता, पोर खूश, आई पैसे भरायला तयार. मी त्याला एकच विचारलं, तुझे मार्क त्यांना कोणी कळवले? कोणीच नाही. ज्याने तुमचे मार्क बघितलेच नाहीत तो तुमचा मान कसला करणार? खऱ्या ठिकाणी कॉलेजचे शिक्षक स्वतःच्या रेकॉर्डवरून यादी काढतात आणि चॅप्टरचे सभासद असलेले शिक्षक निवड करतात, विद्यार्थ्याचा अर्ज नसतो. आपल्या इथे जी काही सोसायटी निघेल तिच्यात विद्यार्थ्याकडून एक रुपया पण घेऊ नये असं मला वाटतं, बिल्ल्याचा खर्च बार असोसिएशनने उचलावा, आम्ही फोंड्याचे वकील त्यात मागे राहणार नाही.

निवड कधी करायची याबद्दल पण दोन मतं आहेत. मुलं म्हणतायत चौथ्या वर्षीच करा म्हणजे नोकरीच्या, इंटर्नशिपच्या अर्जात घालता येईल. अमेरिकेत मोठ्या फर्मची भरती खूप लवकर होते, पहिल्या वर्षाच्या ग्रेडवरून मुलं धरली जातात, आणि कॉइफची यादी मात्र सगळ्या ग्रेड आल्यावर, पदवीच्या वेळी लागते, म्हणजे पहिल्या नोकरीला तिचा तसा उपयोग होतच नाही. आणि तरीही तिथे शिकवायला जाणाऱ्यांच्या, न्यायाधीशांच्या माहितीत ती ओळ आयुष्यभर लिहिलेली असते. मला वाटतं हे उशिरा देणंच बरोबर आहे. शेवटच्या वर्षी पेपर कठीण असतात, सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रियेचा कायदा, एव्हिडन्स, टॅक्सेशन यातलं काही ना काही शेवटाकडेच येतं, आधीच बिल्ला मिळाला तर तिथे ढिलाई येणार. आणि आपल्याकडे जी ऑल इंडिया बार एक्झाम असते ती वकिली करायचं सर्टिफिकेट मिळवण्यापुरती पास व्हायची परीक्षा, तिच्यात पहिला-दुसरा असं काही नसतं, त्यामुळे कॉलेजच्या शेवटी मिळालेला हा मान पुढे बराच काळ एकटाच राहणार आहे, तो पूर्ण पाच किंवा तीन वर्षांचा असू दे.

गोवा युनिव्हर्सिटीला आणि मिरामार, मडगावसकट सगळ्या लॉ कॉलेजांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की नाव आणि फंक्शन नंतर बघा, आधी एक पानभर नियम लिहा. कुठले पेपर धरणार, इंटर्नलचं काय करणार, बॅच कशी मोजणार, अपूर्णांकाचं काय, केटीचं काय, यादी कोण काढणार आणि कोणाचा नातेवाईक यादीच्या जवळपास असेल तर त्या शिक्षकाने बाजूला कधी व्हायचं. हे पान नोटीस बोर्डवर आणि वेबसाइटवर लावा, आणि जी मुलं येत्या जूनमध्ये पहिल्या सेमिस्टरला येतील त्यांच्यापासून लागू करा. आत्ता शेवटच्या वर्षाला असलेल्यांना लागू केलं तर नियम मार्क बघून बनवले असं कोणीही म्हणेल आणि त्याला उत्तर देता येणार नाही. म्हणजे पाच वर्षांच्या कोर्सची पहिली यादी निघायला पाच वर्षं थांबावं लागेल, तीन वर्षांवाल्यांची आधी निघेल. थांबूया.

लॉ शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी, खास करून ज्यांनी इंटर्नल मार्क दिलेत त्यांनी, आपल्या पेपरात यावर लिहावं अशी इच्छा आहे. मी बाहेरून बघतेय, वर्गात साठ डायऱ्या तपासताना काय अडचणी येतात ते त्यांनाच माहीत, आणि लेखी मार्कच धरा या माझ्या सूचनेला त्यांचा विरोध असेल तर तो मला वाचायचाय.

आपली,
एक वकील, फोंडा